मागच्या पानावरची रेघ

नोकरीत असताना मी वजनमापं तपासायचो. दुकानात शिरलो की आधी तराजू, मग वजनं, मग दुकानदाराचा चेहरा, या क्रमाने बघायची सवय. तेहतीस वर्षं हेच केलं. निवृत्त झाल्यावर आमच्या प्रार्थनाघराने मला दाराशी एक टेबल आणि हजेरीची वही दिली, तेव्हा माझी बायको म्हणाली, "झालं. आता देवाच्या दारातही पासंग शोधत बसा." लोक मला काटेकाका म्हणायला लागले. तराजूच्या काट्यावरून की काटेकोरपणावरून, कोण जाणे. मला ते नाव आवडायचं, हे कबूल करतो.

हजेरीची भानगड शाळेमुळे. प्रार्थनाघराला लागूनच आमच्या पंथाची प्राथमिक शाळा आहे. लहान, टापटीप, बाई प्रत्येक मुलाला नावाने हाक मारतात. पहिल्या वर्गात तीस जागा, आणि अर्ज शंभराच्या घरात. म्हणून प्रवेशाचा क्रम ठरलेला. आधी निराधार मुलं, मग ज्यांची भावंडं शाळेत आहेत ती, मग नियमित प्रार्थनेला येणाऱ्या कुटुंबांची, आणि जागा उरल्याच तर जवळ राहणारी बाकीची. नियमित म्हणजे आईबापांपैकी एकाची दोन वर्षांत निदान पाऊण हजेरी. एकशेचार आठवड्यांपैकी अठ्ठ्याहत्तर. पालकांच्या अर्जाला एक पुरवणी अर्ज जोडायचा असतो. त्यावर हा आकडा घालून सही करणारा मी.

वहीत सही प्रार्थना संपल्यावरच घ्यायची, हा नियम मात्र माझा स्वतःचा. पहिल्या वर्षी लोक आल्या आल्या सही ठोकून पाच मिनिटांत पसार व्हायचे. मग मी सुरुवातीला वही बंदच ठेवायला लागलो. पूर्ण बसेल त्याचीच हजेरी. धर्मगुरूंनी मान डोलावली, शाळेने काही विचारलं नाही, आणि नियम रुळला.

लिफ्ट दुरुस्त करणारा तो तरुण आमच्याकडे यायला लागला तेव्हा त्याची मुलगी जेमतेम अडीच वर्षांची होती. आवाज खणखणीत. सगळे डोळे मिटून शांत बसले की नेमकी ती विचारायची, "बाबा, संपलं?" तो तिला भोंगा म्हणायचा, आणि मग आम्हीही म्हणायला लागलो. त्याची बायको नर्स, तिच्या पाळ्या सारख्या बदलायच्या, त्यामुळे बहुतेक वेळा बापलेकच यायचे. तो दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचा, फोन मांडीखाली दाबून. सुट्टीच्या दिवशी शहरात कुठेही लिफ्ट अडकली की फोन त्याला. फोन थरथरला की तो मुलीला उचलायचा, माझ्याकडे बघून ओशाळं हसायचा आणि निघायचा.

एकदा दुपारी मी खिडक्या लावत होतो तेव्हा तो परत आला. कपड्यांना ग्रीसचा वास, भोंगा खांद्यावर झोपलेली.

"काका, अजून पाच मिनिटं उघडं ठेवाल का? सकाळचं राहिलं."

"काय झालं होतं?"

"एक आजी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकल्या होत्या. घाबरून गेल्या होत्या बिचाऱ्या. बाहेर काढल्यावर माझा हातच सोडेनात."

रिकाम्या सभागृहात तो वीस मिनिटं बसला. नंतर असं बऱ्याचदा झालं. मीही खिडक्या सावकाश लावायला लागलो. पण वही तोवर कपाटात गेलेली असायची, आणि ती पुन्हा काढायची कल्पना मला कधी सुचली नाही. सुचली असती तरी काढली असती का, हे आज छातीठोकपणे सांगता येत नाही.

प्रवेशाच्या वर्षी तो पुरवणी अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आला. मी दोन वर्षांच्या वह्या त्याच्यासमोरच मोजल्या. एकोणसत्तर.

"नऊ कमी पडतात," मी म्हणालो.

त्याचा चेहरा पडला. "अर्ध्यातून उठून गेलो ते धरलेत का?"

"ते कसे धरणार? किती वेळा उठलास?"

"अकरा," तो लगेच म्हणाला. त्यानेही मोजलं होतं तर. "माझ्याकडे कामाच्या नोंदी आहेत, काका. तारीख, वेळ, इमारत, सगळं."

"अरे, नोंदी असतील. पण वहीत सही नाही. मी खोटं लिहिणार नाही."

"खोटं नकोच. जे आहे ते लिहा."

तो हे कुरकुरत म्हणाला नाही, अगदी सरळ म्हणाला. मी एकोणसत्तर लिहिलं, सही केली, अर्ज उलटला. मागच्या पानावर चारपाच ओळींची मोकळी जागा होती. वर बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं. ते मी सहा वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं. सरकारी कागदावर मोकळी जागा सोडायची नाही, मागून कोणी काही घुसडेल, हे नोकरीत हाडीमाशी भिनलेलं. मी पट्टी घेतली आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली. दरवर्षी प्रत्येक अर्जावर ओढायचो. अर्ज पाकिटात घालून चिकटवला आणि शाळेच्या गठ्ठ्यात ठेवला.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती, सुरी थांबवून म्हणाली, "अकरा वेळा कुणाला तरी सोडवायला गेला तो. सिनेमाला नाही गेला."

"नियम म्हणजे नियम. एकाला सोडलं की दहा जण उभे राहतात."

"राहू देत की उभे. त्यांनाही विचारा, कुठे गेला होतात म्हणून."

मी वर्तमानपत्र उघडलं.

यादी शाळेच्या फाटकावर लागली. तीस नावांत भोंगा नव्हती. दातांच्या डॉक्टरचा मुलगा होता. डॉक्टर नवराबायको दोन वर्षांत फक्त दोनदा चुकले होते, एकशेदोन हजेऱ्या. यादी लागली त्या आठवड्यापासून ते दोघं पुन्हा दिसले नाहीत. याबद्दल मला राग यायला हवा होता, पण त्यांचं माप माझ्या वहीत चोख भरलं होतं. मी कुठल्या तोंडाने बोलणार?

नंतर एका सोमवारी पुढच्या वर्षाचे कोरे अर्ज आणायला मी शाळेच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकूनबाई बोलक्या. कपाटाचं दार गुडघ्याने ढकलत त्या म्हणाल्या, "त्या लिफ्टवाल्यांच्या मुलीचं वाईट वाटलं हो. प्रवेश समितीचं घ्यायचं मन होतं. पण तुम्हीच मागे रेघ मारलीत."

"कसली रेघ?"

त्यांनी एक कोरा अर्ज उलटा करून माझ्यासमोर धरला. मी चष्मा नीट बसवून वाचलं. 'हजेरी कमी असल्यास त्याचे कारण, तसेच कुटुंबाचा इतर वेळचा सहभाग, येथे लिहावा.'

"आजारपण, पाळीची नोकरी, घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं," बाई सांगत होत्या. "पाऊण हजेरी भरली नाही की समिती आधी हेच पान वाचते. मागे दुसऱ्या प्रार्थनाघराकडून आलेल्या एका अग्निशमनवाल्याच्या मुलाला पन्नास हजेरीवर घेतलं होतं. त्यांच्या माणसाने पानभर लिहिलं होतं. तुमच्याकडून नेहमी रेघच येते. आम्हाला वाटायचं, काटेकाकांकडे म्हणजे कारणच नसणार. असतं तर त्यांनी लिहिलंच असतं."

माझ्या शब्दावर त्यांचा इतका विश्वास होता.

"अर्धवट बसलेल्यांची हजेरी…" मी चाचरत विचारलं, "धरायची की नाही?"

"आमच्याकडे तसलं काही नाही. आला म्हणजे आला."

म्हणजे अकरा धरले असते तर ऐंशी. दोन वरच. कारणाचीही गरज नव्हती. यादीत नाव सरळ लागलं असतं.

"आता काय करता येईल?"

"फेरविचाराचा अर्ज. पालकांनी करायचा, सोबत तुमचं पत्र जोडायचं. मुदत या शुक्रवारपर्यंत आहे."

सोमवार ते शुक्रवार म्हणजे हातात पाच दिवस होते, आणि त्याचं घर माझ्यापासून पंधरा मिनिटांवर. आता जे सांगतो ते सांगायला जड जातं. मंगळवारी मी पत्र लिहायला बसलो. 'माझ्या नजरचुकीमुळे' असं लिहिलं आणि खोडलं. नजरचूक कसली? पुढच्या कागदावर 'नियमाच्या वेगळ्या आकलनामुळे' लिहिलं. तो फाडला. बुधवारी वाटलं, आधी धर्मगुरूंना सांगावं. ते बाहेरगावी होते, आणि मला आतून हायसं वाटलं. गुरुवारी स्वतःला समजावलं की त्याला शाळेचं पत्र मिळालंच असणार, त्यात मुदत लिहिलेली असणार, त्याला करायचं तर तो करेल. तेहतीस वर्षं मी दुकानदारांना त्यांच्या चुका त्यांच्याच गिऱ्हाइकांसमोर वाचून दाखवल्या होत्या. स्वतःची एक चूक एका माणसापुढे जाऊन सांगायला मला शनिवार उजाडला.

दार त्याच्या बायकोने उघडलं. अंगावर अजून नर्सचा गणवेश होता. आत भोंगा जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. अकरा हजेऱ्या, मागचं पान, रेघ, सोमवारची कचेरी, शुक्रवारची मुदत. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "तुम्हाला सोमवारी कळलं?"

"हो."

"आज शनिवार आहे."

"हो."

एवढ्यात तो आतून टॉवेलने हात पुसत आला. त्याने सगळं ऐकलं होतं. "बसा, काका," तो म्हणाला, पण खुर्ची पुढे केली नाही. "आम्ही पत्र वाचलं होतं. 'विशेष कारण नोंदवलेले नाही' असं होतं त्यात. ही म्हणत होती अर्ज करू. मी म्हणालो, काटेकाकांनी सगळं बघून लिहिलंय, म्हणजे बसत नसणार नियमात. उगाच त्यांना अडचणीत कशाला आणायचं?"



"पलीकडच्या भागातल्या सरकारी शाळेत नाव घातलंय," त्याची बायको म्हणाली. "दोन बस बदलाव्या लागतात."

सोमवारी मी पत्र लिहिलं, या वेळी एकही शब्द न खोडता. शाळेने ते स्वीकारलं, मुदत गेल्याबद्दल दिलगिरी कळवली आणि भोंगाचं नाव प्रतीक्षायादीत पहिलं घातलं. वर्ग सुरू झाला तेव्हा तीसची तीस मुलं हजर होती. डॉक्टरच्या मुलासकट. वर्षभर मी कारकूनबाईंना विचारत राहिलो, कुणी शाळा सोडली का? कुणीच सोडली नाही. एखाद्या घराची बदली व्हावी म्हणून मी प्रार्थनेत चक्क मागणं मागितलंय. असली प्रार्थना कोणत्या वहीत धरतात, देव जाणे.

माझा नियम मी धर्मगुरूंना सांगून रद्द केला. आता येताना सही, आणि अर्ज भरताना मी पालकांना समोर बसवून विचारतो, कुठे होतात, काय काम करता, घरी कोण आहे. गेल्या वर्षी बेकरीत पहाटपाळी करणाऱ्या एका बाईंची मुलगी त्या मागच्या पानामुळे आत गेली. बाईंनी माझे हात धरले. मला ते सोडवून घ्यावेसे वाटले.

तो प्रार्थनेला येतो अजून, महिन्यातून एखाद्या वेळी, बहुतेक एकटाच. मी वही पुढे सरकवली तर म्हणतो, "आता कशाला, काका?" आणि आत जातो. त्यात टोमणा नसतो. टोमणा असता तर सोसायला सोपं गेलं असतं.

परवा डोळे तपासायला गेलो तर दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट बंद, दाराशी पत्र्याची पाटी, आणि आत गुडघ्यावर बसलेला तो.

"दहा मिनिटं थांबा. कितव्या मजल्यावर जायचंय?"

"सहाव्या."

मी पायरीवर बसलो. तो हत्यारं आवरत होता. मी विचारलं, "पोरगी कशी आहे?"

"वाचायला लागली. दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचते, बसमधले लोक हसतात. येताना मात्र झोपून जाते, उचलून उतरवावं लागतं."

"आवडतं तिला तिथे?"

"पोरं कुठेही रमतात, काका." त्याने झाकण बसवून एकेक स्क्रू पिळला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिने पहिले काही महिने विचारलं, आपण प्रार्थनाघराच्या शाळेत का नाही गेलो म्हणून. तिच्या ओळखीची सगळी पोरं तिथेच ना. मी सांगायचो, बाबाला कामं होती. आता विचारत नाही."

"तिला खरं सांगायचंस. माझं नाव सांगायचंस."

"तिला तुम्ही आवडता," तो म्हणाला.

दिवा लागला, दार उघडलं. त्याने हात आडवा धरून मला आत घेतलं, सहाचं बटण दाबलं, आणि दार मिटेपर्यंत तिथेच उभा राहिला.