संत्र्याच्या सालीचं बीफ

शुक्रवारी चर्चमधल्या मिसानंतर ट्रेव्हर आणि त्याची आई जेवायला येणार होते. मार्सेलिनाला बघायला. ट्रेव्हर झल्लाक गावातल्या एका हॉटेलात कुक होता, म्हणून मार्सेलिनाने मुद्दाम चायनीज करायचं ठरवलं.

दोन वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीने, प्रिसिलाने, तिला वसईहून इथे आखातात आणलं होतं. प्रिसिला नर्स. तिच्या शिफ्ट असायच्या आणि दोन मुलं मार्सेलिनाच्याच अंगावर असायची.

मार्सेलिनाने बीफच्या पातळ पट्ट्या कापल्या, सोया सॉस लावून मुरवल्या, कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवून दोनदा तळल्या. संत्र्याची साल पांढरा भाग काढून बारीक चिरली, नाहीतर कडू लागते. आलं, सुक्या मिरच्या, संत्र्याचा रस, थोडी साखर. रस आटून चिकट झाला तशा तिने पट्ट्या त्यात टाकल्या आणि मोठ्या आचेवर भराभर परतल्या.

बाहेर ट्रेव्हरने पहिला घास घेतला. "अजून कुरकुरीत आहे! कुणी केलं?"

"मीच," प्रिसिला म्हणाली. मग आवाज खाली आला. "मार्सेलिनाला गॅसजवळ जाऊ देत नाही आम्ही. तिला फिट येतात. लपवून लग्न लावणं मला पटत नाही."

मार्सेलिना दुसरी प्लेट घेऊन दारातच थांबली होती.

"बाय, काय बोलतेस? मला कधी फिट आली?"

प्रिसिला उठली, तिच्या पाठीवरून हात फिरवत पाहुण्यांना म्हणाली, "बघा. फिट येऊन गेली की तिला काही आठवत नाही."

"खोटं आहे!" मार्सेलिना ओरडली. "जॉनभाऊजी, तुम्ही तरी सांगा!"

प्रिसिलाच्या नवऱ्याने मान वर केली नाही. "शांत हो, मार्सेलिना. उगाच त्रास करून घेऊ नकोस."

ट्रेव्हरच्या आईने मुलाकडे पाहिलं. पुढचं जेवण घाईघाईने उरकलं. निघताना त्या बाईने मार्सेलिनाच्या कपाळावर क्रूस काढला. "मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन हो, पोरी."

दार लागल्यावर मार्सेलिनाने विचारलं, "का केलंस असं?"

"तू गेलीस तर मुलांना कोण बघणार? मी ड्यूटी सोडू?" प्रिसिलाने उरलेलं बीफ डब्यात भरायला घेतलं. "आणि तुला इथे काय कमी आहे?"

पुढच्या शुक्रवारपर्यंत चर्चमध्ये ही गोष्ट सगळीकडे पसरली होती. बायका बाकावर तिच्यापासून जरा सरकून बसल्या. एकीचं तान्हं बाळ मार्सेलिनाने घ्यायला हात पुढे केले, तर त्या आईने हसून बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

शेजारच्या शमाने एकदा प्रिसिलाला सरळ विचारलं, "फिट येते, तर मुलं तिच्या भरवशावर कशी टाकून जातेस?"

"इंशाल्ला, काही होत नाही," प्रिसिला म्हणाली, आणि युनिफॉर्म नीट करून हॉस्पिटलच्या बसमध्ये चढली.