बाबांच्या जाळीतले कांदे

मी एक जाळी बोलतेय. खिडकीची नव्हे, मासा गळाला लागल्यावर त्याला पाण्यातून अलगद वर घेणारी हातजाळी. लाकडाचं कडं, हातभर दांडा आणि खाली लोंबणारी सुताची पिशवी, एवढाच माझा देह. वय विचारू नका. माझ्या दांड्यात इतक्या हातांचा ओलावा मुरलाय की लाकडाचा मूळ रंग कोणता होता हे मलाही आठवत नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या मिसूरी राज्याच्या डोंगराळ भागात, क्लोव्हिस प्रुएट यांच्या घरामागच्या शेडमध्ये झाला. क्लोव्हिस लाकडी पिंपं बनवायच्या कारखान्यात कामाला होते. लाकूड वाफवून वाकवणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ. एक चिवट पट्टी त्यांनी वाफेवर धरली, गोल वळवली, आणि माझं कडं तयार झालं. पिशवी विणली त्यांच्या बायकोने, व्हेल्माबाईंनी. ओसरीवर बसून त्या एकेक गाठ मारायच्या आणि धाकटी लेक लिओटा शेजारी बसून तशाच गाठी शिकायची. थोरलीला, म्हणजे आर्डिथला, दोन मिनिटं एका जागी बसवत नसे. ती मला अर्धवट विणलेलीच उचलायची आणि अंगणात कोंबड्यांमागे पळायची. पहिली शिकार माझी कोंबडीच, हे मी आज पहिल्यांदाच सांगतेय.

आमचा ओढा म्हणजे हिकरी स्प्रिंगच्या सरकारी पार्कातला. झऱ्याचं पाणी, बारा महिने थंडगार. पार्कातच माशांचं पैदास केंद्र आहे; तिथले ट्राउट मासे ओढ्यात सोडतात, आणि टोपीला त्या दिवसाच्या परवान्याचा बिल्ला टोचून कुणीही यावं, गळ टाकावा. हंगाम उघडतो एक मार्चला. अजून हाडं गोठवणारी थंडी असते, तरी काठावर खांद्याला खांदा लावून माणसं उभी राहतात. काठ्या वर, दोर हातात, सगळ्यांचे कान भोंग्याकडे. भोंगा वाजल्याशिवाय पाण्यात गळ टाकायचा नाही. एखाद्या उतावळ्याचा गळ आधी पडलाच, तर आख्खा काठ त्याची अशी हजेरी घेतो की रेंजरला काही बोलायला उरतच नाही.

अंडी घालून घालून थकलेल्या, थोराड झालेल्या माद्याही केंद्रवाले मधूनमधून ओढ्यात सोडतात. काठावरचे लोक त्यांना 'आजीबाई' म्हणतात. आजीबाई ज्याला लागेल त्याचं नशीब फळफळलं! पुलाजवळचा दुकानदार हॅस्केल ती वजनकाट्यावर टांगतो, फोटो काढतो आणि भिंतीवर लावतो. त्या भिंतीवर जागा मिळावी म्हणून इथली माणसं जन्मभर भिजतात.

क्लोव्हिसना ती जागा कधी मिळाली नाही. बरोबरचे चिडवायचे, "क्लोव्हिस, जाळी एवढी मोठी केलीस, मासा कुठाय?"

"जाळी तयार आहे," ते म्हणायचे. "मासा तयारी करतोय."

मुलींना मात्र त्यांनी एक गोष्ट पक्की शिकवली होती. मोठा मासा एकट्याने काढायचा नाही. एकीने काठी धरायची, दुसरीने जाळी. "आणि जाळी घेऊन माशामागे धावायचं नाही गं. पाण्यात धरून गप्प उभं राहायचं. मासा दमला की डोक्याकडून आपणच आत येतो. शेपटीला जाळी लागली तर उधळलाच म्हणून समजा."

असे कितीतरी मार्च गेले. आर्डिथच्या हातात काठी, लिओटाच्या हातात मी. दोघींची लग्नं झाली, केस पिकले, तरी जागा तीच, पुलाच्या अलीकडची. खाऊचा डबा एकच. त्यातल्या बिस्किटांवरून भांडण ठरलेलं. ते दिवस आठवले की माझ्या कड्यातून अजून शहारा जातो. माझं आयुष्य खरं तेवढंच होतं.

व्हेल्माबाई आधीच गेल्या होत्या. मग क्लोव्हिसही गेले. पुढच्याच एक मार्चला, भोंग्यानंतर थोड्याच वेळात, आर्डिथची काठी कमानीसारखी वाकली. पुलाखालची आजीबाई! आठ पौंडांच्या खाली नक्कीच नव्हती. ही इथली रीत आहे, मोठा मासा लागला की शेजारचे सगळे आपापले दोर गुंडाळून घेतात. सगळ्यांनी घेतले. हॅस्केल कॅमेरा घेऊन पुलावर आला.

"लिओटा, बाबांच्या नावाचा फोटो लागणार आज भिंतीवर!" आर्डिथ ओरडली.

त्या एका वाक्याने लिओटाचा धीर सुटला असावा. मासा वळला, पाठमोरा झाला, आणि तिने मला पुढे खुपसलं. शेपटीकडून. पाणी उसळलं, दोर तटकन तुटला, आणि ओढा पुन्हा पहिल्यासारखा वाहू लागला.

"एक काम होतं तुला," आर्डिथ म्हणाली. "एकच! बाबांच्या जाळीला पुन्हा हात लावायचा नाही."

 लिओटाने मला हळूच दगडावर ठेवलं आणि ती निघून गेली. मला तोंड असतं तर मी तिला हाक मारली असती.

त्यानंतर आर्डिथने मला मागच्या ओसरीवर खिळ्याला टांगलं. एकदा बागेतले कांदे ठेवायला टोपली सापडेना, म्हणून माझ्यात ठेवले. झालं, तेव्हापासून मी कांद्यांचीच झाले. ज्या पिशवीने मासे झेलायचे, तिच्यात कांदे कोंब काढू लागले, काही सडले, त्यांचं पाणी सुतात मुरलं. वर्षामागून वर्षं गेली. अपमान वाटायचा. पण त्याहून जास्त वाईट वाटायचं ते आर्डिथचं. ती गाऱ्हाणी सांगायची, पण मला नव्हे, मांजराला.

दोघी मार्चला ओढ्यावर जायच्या म्हणे, पण वेगवेगळ्या काठांवर. मध्ये पाच-सहा ढांगांचं पाणी, आणि हॅस्केलच्या डोक्याला ताप. "त्या बाईला सांग, तिचा दोर माझ्याकडे येतोय." "तिला म्हणावं, ओढा तिच्या सासरहून आलेला नाही!" तो बिचारा पुलावर कॉफी घेऊन इकडून तिकडे निरोप पोचवायचा.

मग गेल्या वर्षी आर्डिथच्या कमरेचा सांधा बदलायचं ऑपरेशन ठरलं. त्याआधीच्या एक मार्चला, अजून उजाडलंही नव्हतं, तेव्हा ती ओसरीवर आली. कांदे जमिनीवर ओतले आणि मला झटकलं.

"चल गं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी पाण्यात उतरता येईल की नाही, कोण जाणे. बाबांचं राहिलंय, एकदा बघू."

पुन्हा काठ, पुन्हा थंडी, पुन्हा भोंगा! पाणी लागलं तसं माझं अंग अंग जागं झालं. आणि ऊन पुलावर यायच्या आत आर्डिथची काठी वाकली. तशीच. कमानीसारखी.

"आजीबाई!" कुणीतरी ओरडलं. पटापट दोर गुंडाळले गेले. आर्डिथ एका हाताने काठी सावरत होती, दुसऱ्या हाताने मला, आणि कमर तिला दोन्ही सावरू देत नव्हती.

शेजारचा म्हणाला, "काकू, आणा जाळी इकडे!"

"नको."

"आर्डिथ, मी येऊ का?" हॅस्केलने पुलावरून विचारलं.

"तू दुकान सांभाळ!"

तिने पलीकडच्या काठाकडे पाहिलं. लिओटा तिथे दोर गुंडाळून, टोपी हातात घेऊन उभी होती.

"लिओटा! बघत काय उभी राहिलीस? जाळी कोण धरणार, हॅस्केलची आजी?"

"मी हात लावायचा नाही ना त्या जाळीला?"

"आता लाव म्हणतेय ना!"

 लिओटा पाण्यात उतरली. पाय घसरत, धापा टाकत ती आली आणि तिने माझा दांडा धरला. तिचा हात मी लगेच ओळखला. 

"ताई, मला भीती वाटतेय गं."

"मलाही वाटतेय. गप्प उभी राहा."

ती गप्प उभी राहिली. मला पाण्यात धरून, माशामागे न जाता. मासा दोनदा पुलाखाली पळाला, दोनदा परत आला. मग दमला, कुशीवर झाला, आणि डोक्याकडून, क्लोव्हिस सांगायचे अगदी तस्सा, आपणच माझ्यात आला. तो भार! इतक्या वर्षांनी तो भार! लिओटाने मला उचललं.

आणि माझी पिशवी फाटली.

कांद्यांच्या पाण्याने कुजलेलं सूत ते, तग कुठून धरणार? तळ टरकन गेला, आजीबाई त्यातून सरळ खाली पडली, दोर कड्यावर घासून तुटला, आणि मासा पुलाखाली दिसेनासा झाला.

लिओटाचा चेहरा पांढराफटक पडला. "मी नाही, ताई! या वेळी मी काही नाही केलं!"

 लिओटाने फाटकी पिशवी उचलली, नाकाशी नेली आणि हुंगली.

"ताई, यात काय ठेवलं होतंस?"

"काही नाही."

"कांदे?" लिओटाचा आवाज चढला. "आईने विणलेल्या, बाबांच्या जाळीत तू कांदे ठेवलेस?"

"टोपली सापडत नव्हती," आर्डिथ पुटपुटली. आणि मग तिने हातातली काठी खाली केली. "माझीच चूक गं. जाळीचीही, आणि त्या दिवसाचीही. एका माशापायी तुला मी..."

 लिओटाने तिला धरलं. तेवढ्यात आर्डिथचा पाय घसरला, आणि दोघी मिळून त्या बर्फासारख्या पाण्यात बसल्या. काठावर कुणाला हसू आवरेना, आणि त्या दोघींनाही. मी त्यांच्या मध्ये तरंगत होते. बिनबुडाची, आणि इतकी सुखी मी कधीच नव्हते.

हॅस्केलने फोटो काढला. माशाशिवाय फोटो भिंतीवर लावायचा नाही, हा त्याचाच नियम. पण तो फोटो तिथे आहे. दोन म्हाताऱ्या, चिंब भिजलेल्या, आणि माझ्या रिकाम्या कड्यातून दोघींचे चेहरे. खाली त्याने लिहिलंय, 'प्रुएट'. क्लोव्हिसना शेवटी भिंतीवर जागा मिळाली.

आता माझी पिशवी नवी आहे. लिओटाने विणली, आईच्याच गाठींनी. आर्डिथला काम फक्त एक, मला धुऊन सावलीत वाळवायचं. तुमच्याकडेही एखादी जुनी वस्तू खिळ्याला टांगलेली असेल, तर तिला उतरवा आणि तिच्या कामाला लावा. फार मोठं मागणं नाही माझं.

आज पुन्हा एक मार्च आहे. नव्या कमरेची आर्डिथ पाण्यात उभी आहे, पण या वर्षी काठी लिओटाकडे आणि मी आर्डिथच्या हातात.

"शेपटीकडून नको हं, ताई," लिओटा म्हणतेय.

"तोंड बंद ठेव आणि पाण्याकडे बघ."

येते मी. भोंगा वाजतोय.