डालग्याखालचा अंधार

मी एक जुने डालगे आहे. मित्रांनो, बांबूच्या कामट्यांची मोठी टोपली कोंबडीवर पालथी घातली, की तिला डालगे म्हणतात. चौसाळ्याच्या बुरुडाने मला विणले तेव्हा निजामाचा अंमल होता. त्या अंमलात कायदे पुष्कळ होते; कोंबडीच्या बाजूचा एकही नव्हता. गिरदावर साहेब, म्हणजे महसुलाचे तपासनीस, गावाची पाहणी करायला आले, की पाहणी खुराड्यापासून सुरू होई. न्यायाची ही रीत मोठी सुटसुटीत: फिर्याद नाही, साक्षीदार नाही, थेट रस्सा.

पिलांची कोंबडी मात्र ते नेत नसत. ही दया नव्हे. लेकुरवाळीचा तळतळाट खाणाऱ्याच्या पोटात उतरतो, अशी त्यांची खात्री होती.

माझी मालकीण छबुबाई. तिची तांबडी कोंबडी खुडूक होऊन, म्हणजे अंडी घालायचे थांबवून उबवायच्या ओढीने, रिकाम्या घरट्यावर बसली होती. अंडे नाही, पिले नाहीत; संध्याकाळी तिलाच नेणार, असे साहेबांचा चपराशी सुग्रीव सकाळीच बजावून गेला. दुपारी शेजारच्या रतनबाईच्या कोंबडीला मुंगसाने मारले. तिची नुकती अंड्यातून निघालेली पिले ओच्यात घेऊन रतनबाई धावत आली.

छबुबाईने घाईने ती तांबडीपुढे सोडली. तांबडीने पहिल्याच्याच टाळक्यात चोच हाणली.

"अगं, उजेडात परक्याचं लेकरू कोण आपलं म्हणंल?" रतनबाई ओरडली. "आंधारात ठिवतेत!"

"भर दुपारी आंधार कुठून आणू, बाई?"

"डालगं हाय की! वर घोंगडी टाक."

अशी माझ्या पोटात दुपारी रात्र झाली. छबुबाईने कडेखालून हात घालून एकेक पिलू तांबडीच्या पंखाखाली सरकवले. तांबडी गुरगुरली. मग गार पायांचा स्पर्श पोटाला झाला, आणि तिने पिसे हळूच सैल सोडली.

उन्हे कलताच सुग्रीव आला.

"काढ गं कोंबडी!"

"लेकुरवाळी हाय, दादा."

"सकाळी तर खुडूक होती! एका दुपारात बाळंत झाली व्हय?"

"बगा की हात घालून."

त्याने घोंगडी फेकली, मला उचलले. लख्ख उजेड पडला. छबुबाईने डोळे मिटले. तांबडीने पिलांकडे पाहिले, मान फुलवली, चोच उगारली आणि सुग्रीवच्या मनगटावर हाणली.

"आई गं! लेकुरवाळीच हाय ही!" मनगट चोळत तो पसार झाला.

त्या संध्याकाळी सरकारने पिठले खाल्ले. राज्य बुडाले नाही.

पुढे कितीतरी पिले माझ्याखाली वाढली. बायका मला मागून नेत. आता माझ्यात गोवऱ्या भरतात, आणि चुलीकडेही माझ्याविषयी बोलणी चालू असावीत. मित्रांनो, मोडकी कामटी बदलता येते, तेवढे करून पाहा. उघड्यावर पडलेल्या लेकराला मात्र आजच आडोसा द्या. ते कुणाचे, हे उद्या विचारा.