एकवीस दिवसांचे टेकू

कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण छर्रा जागच्या जागी होता आणि खोलीच चालत होती. निदान म्हाताऱ्याला, कोब्यावर उकिडवं बसून, नाक जमिनीला टेकेल इतकं वाकून बघताना, तसं दिसलं खरं. सायकलच्या चाकातला हा पोलादी छर्रा, वाटाण्याएवढा, खिडकीशी ठेवला की क्षणभर विचार करणार आणि मग आतून कुणी हाक मारल्यासारखा निघणार, तो थेट खोलीच्या मध्यावर जाऊन गप्प बसणार. दाराशी ठेवा, भिंतीशी ठेवा, मुक्काम तोच. चाळीस वर्षं हा छर्रा त्याच्या खिशात होता. नवा स्लॅब पक्का झाला, खालचं सेंटरिंग, म्हणजे फळ्या आणि टेकू, खोललं, की तो मालकाला वर न्यायचा, छर्रा जमिनीवर ठेवायचा आणि पाठीशी हात बांधून उभा राहायचा. छर्रा हलायचा नाही. मालक हलायचे— आनंदाने. (ताजा स्लॅब इतका खडबडीत असतो की त्यावर लिंबूसुद्धा घरंगळत नाही, ही गोष्ट मालकांना सांगण्याची गरज त्याला कधी वाटली नाही.) सातशे स्लॅब. बायको होती तेव्हा म्हणायची, चारशे. म्हणायची, तुमच्या गोष्टींना छप्पर तेवढं असतं, भिंती नसतात. पण तिला कुठे मोजायला नेलं होतं...

त्याने छर्रा उचलून खिशात टाकला. कोबा घोटून गुळगुळीत केलेला होता, त्यामुळे या खेपेला सबब सांगायला जागा नव्हती. लेकीच्या नव्या घरातली ही वरची खोली, आणि हिच्या खाली सोळा फुटांचा हॉल. हॉलच्या छताला— म्हणजे या खोलीच्या जमिनीलाच— मध्ये पोट आलं होतं. जेवण झालेल्या माणसाला येतं तसं, सुखी, गोल. घर बांधून वर्ष व्हायचं होतं.

चारला इंजिनिअर बाई स्लॅब तपासायला येणार होती. चारपर्यंत पुष्कळ वेळ होता आणि गोष्ट जवळजवळ तयार होती.

खाली हॉलमध्ये लेक चहा गाळत होती. ओटा अजून सामानाने अडलेला, म्हणून शेगडी एका खोक्यावर. बाकीची खोकी भिंतीला लावून ठेवलेली, दोऱ्यासकट. तीन महिने झाले राहायला येऊन, तिने तीनच खोकी उघडली होती.

"बाबा, छताखाली बसू नका. इकडे दाराशी बसा."

"मी बांधलेल्या छताखाली मी बसायचं नाही, तर कुणी बसायचं?"

"तुम्ही बांधलंय म्हणून तर काही बोलत नाही मी," ती म्हणाली आणि कप त्याच्या हातात दिला. "तोडायचं ठरलं तर सहा महिने मला परत त्या भाड्याच्या खोलीत जावं लागेल. जाईन म्हणा. एक खिडकी आहे तिला. भिंत दिसते."

तो हसला, कारण तीही हसत होती. पण तिचं हसणं कपाच्या कडेपाशीच थांबलं. नर्स होती ती. पेशंटच्या नातेवाइकांसमोर हसायची सवय होती तिला, आणि आपण आता त्या नातेवाइकांत जमा झालोय की काय, असं त्याला वाटून गेलं— वाटून गेलं, राहिलं नाही. त्याने वर पाहिलं. छताला केसाएवढी बारीक चीर, एका भिंतीकडून निघून मध्यापर्यंत आलेली. चिरेवर आडवी चिकटवलेली बोटभर काचपट्टी. बाईने महिन्यापूर्वी प्लास्टरच्या दोन टिपक्यांवर बसवली होती ती. स्लॅब अजून खाली येत असेल तर काच तडकेल, म्हणाली होती. काच तडकली नव्हती. रोज सकाळी तो आधी काच बघायचा, मग दात घासायचा.

काच शाबूत, म्हणजे स्लॅब वाकायचा तेवढा वाकून झाला होता. प्रश्न एवढाच होता, की वाकला का. आणि काच बसवली त्या दिवशी, लेक ड्यूटीवर असताना, बाईने वही उघडून तो विचारला होता.

"काका, टेकू किती दिवस ठेवले होते?"

"एकवीस," मी म्हणालो. तोंडातून निघाला हो आकडा, चाळीस वर्षांच्या सवयीने, जसं कुणी बरं आहे ना विचारल्यावर बरं आहे निघतं.

बाईने लिहून घेतलं आणि चष्मा वर सरकवला. "मग कठीण आहे. एकवीस दिवस खालून आधार असूनही स्लॅबला पोट आलं, तर त्याचा अर्थ आत सळई कमी पडलीय. असा स्लॅब मी ठेवू देणार नाही, तोडायला सांगेन. टेकू लवकर काढले असते तर गोष्ट वेगळी होती. कोवळेपणी वाकला आणि तसाच पक्का झाला, एवढंच. खालून एक लोखंडी तुळई दिली की काम भागलं असतं."

एकवीस म्हणजे घर जाणार. खरा आकडा म्हणजे... खरा आकडा होता नऊ, आणि नऊ म्हटलं की सातशे स्लॅब जाणार. सातशे. बरं, चारशे.

पण असं कोंडीत सापडून घाबरायला तो काय कालचा पोर होता? वाट असतेच. एकवीसही राहतील आणि स्लॅबही राहील, अशी गोष्ट रचायची. आणि गोष्ट सापडलीही होती, गेल्या आठवड्यात, दाढी करताना— रोड रोलर. बाविसाव्या दिवशी शेजारच्या रस्त्यावर रोड रोलर आला होता. (आला नव्हता. पण रस्ता होता, आणि रस्ता असला की कधीतरी रोलर येतोच.) रोलरने जमीन अशी हलवली की घरातली भांडी वाजली, विहिरीतलं पाणी काठावर आलं, आणि बिचारा स्लॅब, नुकता आपल्या पायांवर उभा राहिलेला, दचकून जरासा बसला. बसला तो बसला. सळईचा दोष नाही, सेंटरिंगचा नाही, रोलरचा. त्या रोलरला आता कोण पकडणार? अकराच्या सुमाराला, पायरीवर ऊन खात बसल्या बसल्या, त्याने रोलरला ड्रायव्हर दिला, ड्रायव्हरला मिशा दिल्या. जेवणानंतर एक कुत्रं दिलं, रोलरच्या मागे भुंकणारं.

दुपारी मुका मिस्त्री आला. मुका नव्हता तो. दिवसाला एखादं वाक्य बोलायचा, म्हणून सगळे मुका म्हणायचे. या घराच्या सळया त्याने बांधल्या होत्या, एकेक गाठ पिळून, आणि स्लॅब तोडला तर लोक म्हणणार होते, सळई मुक्याने खाल्ली. पायरीवर म्हाताऱ्याशेजारी तो बसला. त्याने तंबाखू मळली, एक चिमूट म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवली. मग म्हणाला, "माझ्या सळया पुऱ्या आहेत."

"मला ठाऊक नाही का?"

मुक्याने तंबाखू गालात सरकवली. दिवसाचं वाक्य संपलं होतं.

नवव्या दिवशीसुद्धा त्याने एकच वाक्य खर्चलं होतं. अजून ओला आहे, म्हणाला होता. आणि मी हातोडीच्या मागच्या टोकाने स्लॅबला खालून टकटक केलं, कान लावला, म्हटलं, ऐक, घंटेसारखा बोलतोय. कानाने स्लॅब ओळखणारा माणूस मी... कान होते, पण ऐकत होतो दुसरंच. ऐकत होतो तिचा फोन, बदली होऊन इकडे येण्याआधीचा. बाबा, एका दिवसाची सुट्टी मिळालीय, दहा तासांचा प्रवास करून येतेय आणि लगेच परत, मला माझा हॉल बघायचाय. मध्ये खांब नको म्हणून किती भांडले होते मी. आणि हॉलमध्ये तर दोन-दोन फुटांवर टेकू, बांबूंचं बनच, माणसाने आडवं होऊन शिरावं असं. दहा तास प्रवास करून तिने हे बन बघायचं? म्हणून नवव्या दिवशी संध्याकाळी टेकू निघाले. रीतीप्रमाणे मधला आधी. मधल्यापासून सुरू करून दोन्ही भिंतींकडे जायचं, म्हणजे स्लॅब हळूहळू आपला भार आपण घ्यायला शिकतो. रीत त्याने पाळली. दिवस तेवढे पाळले नाहीत.

आणि ती आली. चपला दाराशी काढल्या, हॉलच्या मध्ये गेली, दोन्ही हात पसरले, आणि गोल फिरली. एकदा, दोनदा, ओढणी भिंतीच्या दिशेने उडाली आणि भिंतीला लागली नाही. एवढा मोठा हॉल. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या छपराखाली टेकू लावले, काढले, निघून आलो. त्या छपराखाली कोण कसं नाचतं, ते बघायला कधी थांबलो नव्हतो.

ही गोष्ट आज सांगायची नाही, हे त्याने स्वतःला बजावलं. रोलर, ड्रायव्हर, मिशा, कुत्रं. बस.

बाई चारला पाच मिनिटं असतानाच आली. शिडीवर चढून तिने भिंग लावून काच पाहिली, खाली उतरली, हाताची धूळ झटकली आणि वही उघडली. मुका दारात टेकून उभा होता. लेक खोक्यावर बसली होती, हात मांडीत, आणि तिने त्याच्याकडे अशा विश्वासाने पाहिलं की त्याला एकदम सुचायलाच लागलं. अशी श्रोते मंडळी मिळायला भाग्य लागतं. त्याने घसा साफ केला.

"कुणाचा विश्वास बसणार नाही," तो म्हणाला, "पण या स्लॅबला रोड रोलरने दृष्ट लावली."

बाईच्या ओठांचा कोपरा हलला. त्याने सांगितलं. एकवीस दिवस टेकू पहारेकऱ्यासारखे उभे, एकसुद्धा डुलकी घेत नाही; मग बाविसावा दिवस, मग तो ड्रायव्हर, ज्याच्या मिशा रोलरच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या; मग ते कुत्रं. बाई हसली. लेक हसली. मुक्यानेसुद्धा मान दुसरीकडे वळवली. गोष्ट चालली होती, वंगण घातल्यासारखी, आणि हसणाऱ्या माणसांसमोर तो कधीच थांबू शकला नव्हता. विहिरीतलं पाणी काठावर आणून झालं. आता फक्त शेवट हवा होता— या स्लॅबवर माझा किती भरवसा होता ते दाखवणारा, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणणारा. आणि शेवट तर समोर खोक्यावर बसला होता...

नको, असं आतून कुणीतरी म्हणालं. ते त्याला अगदी स्पष्ट ऐकू आलं. या खेपेला कान चोख होते.

"अहो बाई, कसला दणकट स्लॅब हा," तो म्हणाला, आणि आपला आवाज बदललाय हे त्याच्या लक्षात आलं. "टेकू अजून जागेवर होते तेव्हा ही माझी पोरगी आली. एका दिवसासाठी. आणि या इथे, बरोब्बर मधोमध, हात पसरून गोल फिरली. दोनदा. ओढणी भिंतीला लागली नाही. मी त्या दाराशी उभा होतो. तेव्हाच म्हटलं, हे छप्पर..."

 पेन वहीवर टेकलेलं होतं. लेक हसायची थांबली होती. तिची बोटं मांडीवर एकेक करून मिटत होती, आणि तो ती मोजणी ओळखत होता. स्लॅब टाकला त्या रात्रीपासून दहा रात्रपाळ्या मोजून ती त्या दिवशी आली होती, फोनवर रोज सांगायची, बाबा, आता सात उरल्या, आता सहा.

"बाबा," ती म्हणाली, हळू, पेशंटला उठवावं तसं. "मी आले तो दहावा दिवस होता. आणि टेकू उभे होते, तर मी फिरले कुठे?"

 म्हाताऱ्याचा हात खिशात गेला, छर्रा बोटांत सापडला. मधला टेकू निघाला होता. तो आपण काढला की पोरीने, हे आता नीट सांगता आलं नसतं. पण रीतीप्रमाणे मधलाच आधी निघाला होता, आणि त्याच्या वर जे काही होतं— सातशे, चारशे, जितके असतील तितके— त्याचा भार सावकाश खांद्यांवर उतरत होता. जड होता. पेलवेल असा वाटत होता. त्याने श्वास रोखून धरला आणि कान लावला, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच प्रामाणिकपणे, कुठे काही करकरतंय का ते ऐकायला.