विनवणीचे गुण

“पण मी पाठवल्या होत्या हो! मग त्या गेल्या कुठे? गिळल्या कुणी?”

तळघरातल्या खोलीच्या दारात बाई उभ्या होत्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात नवऱ्याच्या तपासण्यांची फुगलेली पिशवी. वर नोंदणी खिडकीवर कुणीतरी म्हणालं होतं, “मेलचं ना? खाली पोस्टमास्तरांना विचारा,” म्हणून जिना उतरून आल्या होत्या.

पोस्टमास्तर टपाल खात्यातले नव्हेत. इस्पितळाचा ईमेल सर्व्हर सांभाळणारा हा पन्नाशीचा सरळ माणूस. डॉक्टरांनी थट्टेत पाडलेलं नाव त्याला असं चिकटलं, की खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं.

“बसा ताई. दम लागलाय तुम्हाला. पाणी घ्या आधी.”

“पाणी नको मला. ह्यांची जागा गेली. हृदयाचं ऑपरेशन आहे. तुमच्याकडून मेल आली, नंबर लागलाय, तीन दिवसांत होकार कळवा. मी त्याच दिवशी कळवला. पोच नाही, म्हणून परत कळवला. परत कळवला. फोन लावला, तर ती बाई आपलं एकच घोकते, कृपया ईमेलवर संपर्क साधा.”

“ती बाई नाही ताई, रेकॉर्ड केलेला आवाज आहे.”

“तरीच! माणूस असतं तर एकदा तरी खेकसलं असतं माझ्यावर.”

पोस्टमास्तरांना हसू आलं, पण ओठांपर्यंत पोचलं नाही. त्यांनी बाईंचा मेलचा पत्ता विचारला आणि सर्व्हरच्या नोंदींत शोधला. ओळी सरसर वर आल्या. बाईंची प्रत्येक मेल इस्पितळाच्या दाराशी आली होती, आणि प्रत्येक मेल दाराशीच पुसली गेली होती.

त्या सर्व्हरवर एक गाळणी होती. येणाऱ्या प्रत्येक मेलला ती संशयाचे गुण द्यायची. ठगांचे शब्द दिसले, गुण वाढले. तोच मजकूर पुन्हा आला, आणखी वाढले. पाचाच्या वर गेलं की कचरा. पूर्वी हा कचरा एका वेगळ्या कप्प्यात जाऊन पडायचा, कुणी मागितलं तर काढून देता यायचं. पण एका डॉक्टरांनी त्या कप्प्यातली बक्षिसाची मेल उघडली आणि अख्ख्या मजल्यावरची यंत्रं बंद पडली, तेव्हा अधीक्षक कडाडले होते, “कप्पा-बिप्पा काही नको. दारातच मारा!” पोस्टमास्तरांनी तसं करून ठेवलं होतं.

बाईंच्या पहिल्या मेलला सहा गुण होते. शेवटच्या मेलला नऊ.

“काय लिहिलं होतंत ताई?”

“काय लिहिणार? तातडीचं आहे, कृपया मदत करा, आमचा होकार आहे, जागा जाऊ देऊ नका, देव तुमचं भलं करेल.”

पोस्टमास्तर पडद्याकडे बघत राहिले. तातडीचं. मदत करा. देव भलं करेल. ठग अगदी हेच लिहितात. आणि ठग तरी ही भाषा शिकले कुठून? अडलेल्या माणसाकडूनच ना!

पण नुसत्या शब्दांनी सहा गुण होत नाहीत. अर्ध्याहून जास्त गुण गाळणीनं स्वतः शिकून दिले होते. कुणी आपल्या पडद्यावर ‘कचरा’चं बटण दाबलं, की ती मेल बघून शिकायची. शिकवलं कुणी? बाईंना तिथेच बसवून पोस्टमास्तर वर गेले.

नोंदणीवरच्या ताई एका हातानं फोन सावरत दुसऱ्यानं पेशंटांना थोपवत होत्या. “बटण? हो, दाबते की. डिलीट केलं की विचारतं, नक्की का? मग परत हो म्हणा. कचरा दाबलं की एका फटक्यात गायब. एकच माणूस तेच तेच दहादा पाठवतो हो! एकाला उत्तर देते, बाकीच्या दाबते. उत्तर कुणाचं बुडवलं नाही मी कधी.”

“अहो, त्यातून ते यंत्र शिकतं. विनवणी म्हणजे कचरा, असं शिकवलंत तुम्ही त्याला.”

ताईंचा हात थांबला. “मला सांगितलं होतं कुणी?”

“सूचना पाठवली होती मी. सगळ्यांना. मेलनं.”

“मग ती पण गेली असेल कचऱ्यात,” ताई म्हणाल्या, आणि मग त्यांनाच कसंसं झालं. “कुणाची जागा गेली का?”

 पोस्टमास्तर तसेच अधीक्षकांकडे गेले.

अधीक्षकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “तुमचं म्हणणं खरं आहे. पण जागा पुढच्याला दिली. तो माणूस या क्षणी टेबलावर आहे, त्याची छाती उघडलेली आहे. उतरवू त्याला?”

“तसं नाही साहेब.”

“त्याचीही बायको बाहेर बसलीय. या बाईंच्या नवऱ्याचं नाव मी यादीत शक्य तितकं वर घेतो. तेवढंच माझ्या हातात आहे.”

“मग नंबर कधी लागेल?”

अधीक्षकांनी खिडकीबाहेर बघितलं.

खाली बाई पिशवी मांडीवर घेऊन तशाच बसल्या होत्या. पोस्टमास्तरांनी सगळं सांगितलं. लपवालपवी त्यांना कधी जमलीच नव्हती.

“मग माझ्या मेल तेवढ्या काढून द्या. मीच दाखवते साहेबांना.”

“त्या नाहीत ताई. आल्या होत्या, एवढीच खूण आहे.”

“म्हणजे मी जास्त विनवलं म्हणून...” बाई थांबल्या. “एकदाच, कोरडं लिहिलं असतं, तर पोचलं असतं?”

 पोस्टमास्तर म्हणाले, “तुमचं काही चुकलं नाही.”

“मला वाटायचं, कळवळून सांगितलं की ऐकतात.” बाई उठल्या आणि पदराआड न लपवता डोळे पुसून जिना चढून गेल्या.

त्याच दिवशी पोस्टमास्तरांनी अधीक्षकांची परवानगी काढून कप्पा परत उघडला. गाळणीनं आजवर शिकलेलं सगळं पुसून टाकलं. बाईंच्या पत्त्याला दार कायमचं मोकळं केलं. गुण कितीही पडोत, त्यांची मेल आत येऊन आधी पोस्टमास्तरांपुढे पडणार होती. करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं, आणि त्यातलं काहीच बाईंच्या नवऱ्याच्या उपयोगाचं नव्हतं.

घरी जेवताना ते आईला म्हणाले, “आई, देवाकडे रोज हेच येत असेल, नाही? वाचव, मदत कर, तातडीचं आहे. त्यात खरा कोण, ठग कोण, त्याला कसं कळत असेल?”

म्हातारी हसली. “तो कशाला निवडत बसतोय रे? ठगाचंही ऐकून घेतो. म्हणून तर त्याला इतका वेळ लागतो.”

 हे ऐकून बरं वाटावं की वाईट, हेच पोस्टमास्तरांना उमजेना.

त्यानंतर रोज कामावर आल्या आल्या ते कप्पा उघडायचे आणि एकेक मेल स्वतः वाचायचे. बक्षिसं, औषधं, परदेशातल्या विधवांच्या इस्टेटी. क्वचित त्यात एखादा खरा माणूस सापडायचा, मग ते वर फोन करायचे, “ताई, एक जिवंत आहे, पाठवतो.” ताईही आता ‘नक्की का?’ला निमूट ‘हो’ म्हणायच्या. यादी मात्र आपल्या चालीनं चालली होती.

एके सकाळी बाईंची मेल आली. पोस्टमास्तरांनी ती वाचली, आणि सवयीनं नजर गुणांकडे गेली. पत्त्याला दार मोकळं असलं तरी गाळणी गुण मोजायचं सोडत नाही.

“माझ्या पतीचे काल सकाळी निधन झाले. त्यांचे नाव यादीतून काढावे, म्हणजे पुढच्या पेशंटला थांबावे लागणार नाही. कळावे.”

गुण, शून्य.

त्यांनी ती पुढे पाठवली नाही. स्वतः जिना चढून वर गेले, ताईंच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि त्यांच्याच पडद्यावर उघडून दाखवली. ताईंनी वाचली. यादीतलं नाव काढलं. मग मेल पुसायला त्यांचा हात माउसवर गेला आणि तिथेच राहिला.

खिडकीपुढे रांग वाढत होती. ताई शेजारच्या यंत्रावर जाऊन बसल्या आणि तिथून एकेकाचं नाव लिहून घेऊ लागल्या. मेल संध्याकाळपर्यंत तशीच उघडी होती.