गिरमिट

त्या रविवारी वृषाली भिंगारला पोचली तेव्हा अप्पा फाटकाशी उकिडवे बसून लाकडाची पट्टी ठोकत होते. फाटक आणि फरशी यांच्यामध्ये चार बोटांची फट होती, ती ते बुजवत होते. घर बांधून सव्वीस वर्षं झाली होती आणि फटही सव्वीस वर्षांचीच होती. स्कूटर लावता लावता तिनं विचारलं, आजच कसं सुचलं. अप्पांच्या ओठांत खिळे होते. शेवटचा खिळा बसल्यावर ते म्हणाले, "मांजरं येत्यात आत."

मांजरं भिंतीवरून येतात हे तिला ठाऊक होतं आणि त्यांनाही. पण अप्पांना उलट प्रश्न विचारायची तिला सवय नव्हती, आणि तिला विचारायची त्यांना नव्हती.

अप्पांनी, म्हणजे भीमराज मिस्त्रींनी, लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सुतारकाम करत तेहेतीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावरही गल्लीतल्या दारं-खिडक्यांचं दुखणंखुपणं त्यांच्याकडेच यायचं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. वृषालीचं लग्न त्याच्याही आधी मोडलं. तेव्हा अप्पांनी तिची जुनी खोली झाडूनपुसून, पलंगाचा करकरणारा पाय बदलून तयार ठेवली होती. पण ती केडगावला फ्लॅट घेऊन राहिली. कॉलेज जवळ पडतं, असं तिनं सांगितलं. ती तिथं ग्रंथपाल होती. शहराच्या एका टोकाला केडगाव, दुसऱ्या टोकाला भिंगार. मधला अर्धा-पाऊण तास ती फक्त रविवारी ओलांडायची. येताना मेथी नाहीतर गवार आणायची, दोन भाज्या करून एक फ्रिजमध्ये ठेवायची. जेवणं झाली की अप्पा पेपर घेऊन आडवे व्हायचे आणि ती खिडकीशी पुस्तक घेऊन बसायची. पानं उलटल्याचे आवाज तेवढे व्हायचे. दोघांचंही छान चाललंय, असं दोघंही धरून चालले होते.

त्या दिवशी मात्र अप्पा आडवे झाले नाहीत. त्यांनी फिनेलची बाटली मोरीतून उचलून वरच्या फळीवर ठेवली. सुतळीचा गुंडा, खिळ्यांचे डबे, चपला, सगळं हाताच्या उंचीवर नेलं. मग तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"गुरुवारी अर्धा दिवस रजा मिळंल का गं? एक जण घर बघायला येणार हाय. तू असलेली बरी."

घर बघायला येणारा माणूस म्हणजे काय, हे वृषालीनं ताबडतोब ओळखलं. दोन वर्षांपूर्वी पुणतांब्याच्या आत्यानं असंच एक स्थळ आणलं होतं, श्रीरामपूरचे बिजवर, आणि ते गृहस्थ चहा पिताना छताचे पंखे मोजत होते. पुस्तकातून डोकं वर न काढता ती म्हणाली, की स्टॉक चेकिंग चालू आहे, रजा मिळायची नाही. अप्पा "बरं, बरं" म्हणून पाणी भरायला गेले. संध्याकाळी ती निघाली तेव्हा त्यांनी नेहमीसारखं स्कूटरचं मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि हवा ठीक असल्याचं सांगितलं.

मंगळवारी सकाळी पावणेसातला शेजारच्या छबूबाईचा फोन आला. अप्पा दूध घेऊन परत आले आणि पायरीवर बसले, ते बसलेच. दुधाची पिशवी तशीच हातात होती, पडलीसुद्धा नव्हती, हे छबूबाई पुढचे दहा दिवस येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिल्या.

गुरुवारी राख सावडून झाली. दुपारी घर बायामाणसांनी भरलेलं होतं. भिंतीला टेकून पुणतांब्याची भागीरथी आत्या बसली होती, आणि नवीन बाई दारात आली की तिच्या गळ्यात पडून रडत होती. तीन वाजता दारात एक पंचविशीतली मुलगी उभी राहिली. अंगात टी-शर्ट, बगलेत फाईल, पँटवर गुडघ्यापर्यंत कसले तरी पिवळट केस चिकटलेले. तिनं आत पाहिलं, खुर्चीवरचा हार घातलेला फोटो पाहिला, आणि तिचा चेहराच उतरला. ती काही बोलायच्या आत आत्या उठली आणि तिला मिठी मारून म्हणाली, "आलीस गं बाई. गेला की गं तुजा मानूस."

दुःखाच्या घरी आलेल्याला कोण, कुठली, काय काम, असं विचारत नाहीत. छबूबाईंनी सरकून जागा केली. मुलगी बसली. सगळ्या बायका रडल्या तेव्हा तीही रडली, आणि इतरांपेक्षा जास्तच रडली. पाऊण तासानं ती उठली. अशा घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, हे तिला माहीत असावं. तिनं फक्त वृषालीकडे पाहिलं आणि फाईल थोडी वर केली. वृषाली तिच्यामागून फाटकापर्यंत गेली.

मुलीचं नाव निकिता होतं. जामखेड रस्त्याला एका बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये ती आणि तिच्या मैत्रिणी रस्त्यावर सापडलेली कुत्री सांभाळत होत्या. कुणी पिल्लू मागितलं की आधी त्याचं घर पाहायचं, ही त्यांची रीत होती, आणि त्या वेळी मागणाऱ्याशिवाय घरचं आणखी एक माणूस हजर लागायचं. मिस्त्रीकाकांच्या घराची पाहणी आज ठरली होती.

"मला कुणी कळवलंच नाही, ताई," ती म्हणाली. "म्हणजे, कळवणार तरी कोण."

तीन महिन्यांपासून अप्पा दर बुधवारी रिक्षानं तिथं जात होते. आधी कोंबड्यांच्या जाळ्यांची मोडकी दारं दुरुस्त करायला म्हणून गेले, मग दारं संपली तरी जात राहिले. नाल्यात सापडलेलं एक पिल्लू होतं, आई गावठी आणि बाप कुणाचा तरी लॅब्राडोर. शेपटी बापाची जाडजूड, पाय आईचे काटकुळे. उचलून धरलं की ते स्वतःभोवती गरागरा फिरायला बघायचं, म्हणून अप्पांनी त्याला गिरमिट नाव दिलं होतं, लाकडाला भोक पाडायच्या त्यांच्या हत्यारावरून.

निकितानं फाईल उघडून अर्ज दाखवला. अप्पांचं अक्षर सुताराच्या पेन्सिलीनं खूण केल्यासारखं, दाबून काढलेलं. 'हजर राहणारी व्यक्ती' यापुढे लिहिलं होतं, 'मुलगी वृषाली. येईल.' तारीख रविवारच्या आधीची होती. त्याखाली 'पिल्लू कशासाठी हवे' असा प्रश्न होता, आणि त्यापुढे एकच ओळ: 'संध्याकाळी घर खायला उठतं.'

वृषालीनं ती ओळ दोनदा वाचली. आयुष्यात तिनं हजारो पानं वाचली होती, लोकांच्या मनातलं कागदावरून ओळखण्यात ती स्वतःला पक्की समजायची. तिनं फाईल मिटून परत दिली. पिल्लाचं दुसरीकडे बघा, एवढंच ती म्हणाली.

ती आत आली तेव्हा आत्यानं डोळे पुसत हळूच विचारलं, "कोन गं ती पोरगी? कंच्या नात्यातली? लई जीव हुता भीमावर तिचा. आपल्या सुना तरी रडल्या का एवढ्या?"

ओळखीची होती, वृषाली म्हणाली.

दहावा पुणतांब्याला गोदावरीच्या काठी झाला. आत्याच्या मुलानं, राधाकृष्णानं, विधी केले. पिंड ठेवले आणि सगळे मागं सरकले. आत्यानं मनात काय काय जमवून ठेवलं होतं: पोरीला अंतर देणार नाही, घर विकणार नाही, वर्षश्राद्ध चुकवणार नाही. कावळा अडून बसला की एकेक वचन मोठ्यानं सांगायचं. पण तिला तोंड उघडायची वेळच आली नाही. गुरुजी हात धुवायच्या आत एक कावळा उतरला, भाताला शिवला आणि उडूनही गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "बगा," आत्या भरल्या आवाजात म्हणाली, "माज्या भीमाचं कायबी ऱ्हायलं न्हवतं. तृप्त गेला."

चार जणांनी मान डोलावली. वृषालीचा कावळ्यांवर विश्वास नव्हता. तरी त्या क्षणी तिला त्या पक्ष्याचा राग आला. त्यानं जरा थांबायला हवं होतं. कुणीतरी विचारलं असतं, अजून काय राहिलं असेल, आठवा. आणि कदाचित तिनं सांगितलं असतं.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. त्यानंतरच्या रविवारी ती भाजी न घेताच भिंगारला आली, तासभर रिकाम्या घरात बसली आणि मग स्कूटर काढून जामखेड रस्त्याला लागली. अप्पांची हत्यारांची पिशवी तिथं राहिली आहे, असं निकितानं फोनवर सांगितलं होतं. आपण तेवढ्यासाठीच चाललो आहोत, असं तिनं वाटेत स्वतःला दोनदा सांगितलं.

शेडमध्ये जाळीच्या खोल्यांची रांग होती, आणि प्रत्येक दाराच्या चौकटीला अप्पांचा हात लागलेला कळत होता. कोपरे नीट घासलेले, कुणाला लाकडाची कूस लागू नये म्हणून. गिरमिट शेवटच्या खोलीत होता. भिजल्या भुशाच्या रंगाचा, अंगापेक्षा शेपटीनं मोठा. तिला पाहून तो उठला नाही. दाराशी आलेलं माणूस त्याला हवं ते नव्हतं, आणि ते त्यानं लगेच ओळखलं.

सावेडीचं एक कुटुंब उद्या त्याला न्यायला येणार होतं. त्यांचं घर पाहून झालं होतं, मुलं आहेत, अंगण आहे, असं निकिता म्हणाली.

"मी नेते," वृषाली म्हणाली.

निकितानं तिच्याकडे पाहिलं. गुरुवारी रडलेली ती मुलगी आता दिसत नव्हती. "काकांची इच्छा होती म्हणून?"

"हो."

"मग नाही देता येणार, ताई." तिनं अगदी साधेपणानं सांगितलं. "राग मानू नका. गेलेल्या माणसासाठी म्हणून लोक नेतात. पहिले पंधरा दिवस मांडीवरून खाली ठेवत नाहीत. मग दुःख ओसरतं, आणि याचं शी-शू, चावणं, रात्रीचं ओरडणं तेवढं उरतं. दोन महिन्यांत परत आणून सोडतात. आत्ताच तीन आलेत तसे. परत आलेलं पिल्लू खात नाही."

वृषालीनं आपली बाजू मांडली. आपण भिंगारच्या घरी राहायला येणार आहोत, हे तिला स्वतःला बोलता बोलताच कळलं. कॉलेज दहा ते पाच, दुपारी छबूबाई बघतील, त्यांना तिनं अजून विचारलं नव्हतं पण त्या बघतील. डॉक्टर जवळ आहे. आवार बंदिस्त आहे. पाहायला आजही येऊ शकता.

निकितानं सगळं लिहून घेतलं. "हे त्या लोकांकडेही आहे," ती म्हणाली. "ते मुलांसाठी मागताहेत. काका स्वतःसाठी मागत होते. तुम्ही काकांसाठी मागताय, आणि काका नाहीत. तुम्हाला कशाला हवाय तो?"

जाळीपलीकडे गिरमिट उठून बसला होता. वृषाली काहीतरी बरं वाक्य शोधत राहिली. अशा वेळी बोलण्याजोगी वाक्यं तिला पुष्कळ पाठ होती, दुसऱ्यांची, सुरेख बांधलेली. त्यांतलं एकही उपयोगाचं नव्हतं. निकिता पेन घेऊन थांबली होती, तिला घाई नव्हती.

"पाचला कॉलेज सुटतं," वृषाली म्हणाली. "मी सातपर्यंत ग्रंथालयातच बसते. शिपायाला सांगते, काम आहे. काही काम नसतं. त्यालाही ते ठाऊक आहे." तिचा आवाज नेहमीचाच होता, म्हणून ती बोलत राहिली. "मग फ्लॅटवर जाते. शुक्रवारी कॉलेजातून गेले की रविवारी अप्पांशी बोलेपर्यंत तोंड उघडायचं कारण पडत नाही. कधी कधी पहिला शब्द घशातून नीट निघत नाही, खोकायला लागतं. रोज भिंगारला गेले असते तर त्यांना हे दिसलं असतं. म्हणून नाही गेले. मुलगी मजेत आहे असं त्यांना वाटावं, म्हणून आठवड्यातून एकदाच जायची, नीट साडी नेसून. आणि ते तिकडे मला दिसू नये म्हणून काय काय करत होते, ते तुम्हालाच जास्त माहीत आहे. गुरुवारची रजा मिळाली असती. मी मागितलीच नव्हती."

निकितानं काही लिहिलं नाही. तिनं जाळीच्या दाराची कडी काढली. गिरमिट बाहेर आला, वृषालीच्या चपलेशी थांबला, तिचा वास घेतला. तिनं वाकून त्याला उचललं. कसं धरायचं ते तिला येत नव्हतं. तो तिच्या हातांत गरागरा फिरू लागला, तिची ओढणी त्याच्या नखांत अडकली, आणि त्याला छातीशी दाबून धरण्याच्या गडबडीत तिच्या तोंडून ते निघून गेलं, जे तिनं आईला, अप्पांना, आत्याला, कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

"मला एकटीला करमत नाही."