जेलरसाहेबांच्या दारातला बाक

मी बाक बोलतोय, तुरुंगात जेलरसाहेबांच्या खोलीबाहेर असतो तो.

माझा जन्म इथल्याच सुतारशाळेत झाला. मला घडवणारा कैदी जन्मठेपेचा होता. रंधा मारता मारता माझ्याशी गप्पा मारायचा, मुलांची आठवण निघाली की हात थांबवायचा. मला वाटायचं, आपण एखाद्या बागेत जाऊ. नशिबी आला हा बोळ. इथे निवांत कुणी टेकतच नाही. वकील पाय हलवतात, बायका पिशवीच्या बंदाशी चाळा करतात. त्यांची घालमेल माझ्या फळ्यांत उतरते.

पाद्रीबाबा आणि मौलवीसाहेब कैद्यांना भेटायला येत. दोघे जुने दोस्त. एका तरुण कैद्याची फाशी ठरली आणि त्यांचा वाद पेटला.

"जीव देवानं दिला. तो घेणारे आपण कोण?" पाद्रीबाबा म्हणाले. "आमच्याच जुन्या पाद्र्यांनी फासाजवळ उभं राहून प्रार्थना म्हटल्यात. तेच मला सलतं."

"आमच्यात जिवाच्या बदल्यात जीव मागायचा हक्क आहे," मौलवीसाहेब म्हणाले. "माफीचं पुण्य त्याहून मोठं. पण माफी मेलेल्याच्या घरच्यांनी द्यायची, तुम्ही-मी नाही."

तेवढ्यात एक बाई येऊन दोघांच्या मध्ये बसली. त्या तरुणानं भांडणात हिच्याच मुलाला भोसकलं होतं. दवाखान्यातले कपडे धुऊन तिच्या बोटांची सालं निघाली होती.

"बोला की. मी आले म्हणून थांबू नका."

मग तीच म्हणाली, "त्याची आई गेटपाशी बसलीय. तिला बघून आत आले. तिचं माझ्यासारखं होऊ दे, असं देवाकडे मागायला तोंड उघडत नाही. पण मी माफ केलं असं म्हणू नका. ते मला जमायचं नाही."

"एवढं देवाला पुरतं की नाही, मला नाही सांगता येणार, बहीण," मौलवीसाहेब हळूच म्हणाले.

तिनं जेलरसाहेबांनाही तेच सांगितलं. ते दारापर्यंत सोडायला आले. "वर कळवतो, आई. पण आपला कायदा घरच्यांना विचारत नाही."

फाशी रद्द करायला वरून नकार आला. फाशी झाली. त्या दिवशी पाद्रीबाबा आणि मौलवीसाहेब माझ्या दोन टोकांना बसून राहिले. वाद नाही की प्रार्थना नाही.

पुढे त्या तरुणाची आई त्याचे कपडे न्यायला आली. सोबत ही, मेलेल्या मुलाची आई, होती. गाठोडं मध्ये ठेवून दोघी बराच वेळ बसल्या. उठताना गाठोडं हिनं उचललं.

आता माझ्या फळ्या खिळखिळ्या झाल्यात. माझ्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या येणार म्हणतात. मला जाळा, फेका, तक्रार नाही. पण देवाचं नाव घेऊन कुणाचा जीव मागायचा असेल, नाहीतर वाचवायचा असेल, तर आधी त्या दोघींच्या मध्ये येऊन बसा. जागा आहे.